डब्यातला आवाज आणि टॉवेलांचा गठ्ठा

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"अण्णा नमस्कार. मी सोलापुरातच राहतो, अशोक चौकाच्या मागं, भाड्याचं घर आहे. वरच्या मजल्यावर १० बाय १० ची खोली, उंची पण १० फूटच, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, एक स्लायडिंग खिडकी, एक दार. मी आणि बहीण गाणी रेकॉर्ड करतो, ती गाते, मी पण गातो आणि मिक्स मीच करतो, मधेच दुकानांच्या रिक्षावर फिरणाऱ्या जाहिरातींचं काम पण येतं. कंडेन्सर माईक (बारीकसारीक पण टिपणारा) आहे, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आहे, हेडफोन आहे. पण काहीही रेकॉर्ड केलं की पत्र्याच्या डब्यात डोकं घालून गायल्यासारखं वाटतं. अंड्याचे ट्रे लावले, फरक शून्य. वरनं शेजारी यंत्रमागाचा कारखाना, तो खटखट वेगळाच. एक मित्र म्हणतो फोम लाव, दुसरा म्हणतो माईकच बदल. बजेट १० हजार. घरमालक भिंतीला ड्रिल मारू देत नाही. काय करू? — डब्यातला गायक"

अरे डब्यातल्या गायका, आधी स्टूल घे आणि ते ट्रे काढ. हे वाचून झाल्यावर काढ, पण आजच काढ. अंड्याचा ट्रे म्हणजे कागदाचा पातळ लगदा, त्यानं आवाजाचं वरचं टोक जरासं इकडंतिकडं विखुरतं, बाकी खालचा सगळा गडगडाट त्यातनं असा पार होतो की मच्छरदाणीतनं वारा जावा. मी पण लावले होते बरं का, लाजायचं काय त्यात, माझ्या पहिल्या खोलीत दीडशे ट्रे लावले होते, फुकट मिळाले म्हणून. पंधरा दिवसांत झुरळांनी संसार थाटला आणि एका भजनाच्या टेकमध्ये शेवटच्या अंतऱ्याला मागनं कुरकुर कुरकुर यायला लागलं, मला वाटलं केबल गेली, केबल बदलली तरी कुरकुर चालूच, तर तो उंदीर होता, ट्रे खात होता. तो टेक मी अजून ठेवलाय. आणि हसण्यावारी नेऊ नको, सुका कागद आहे तो, एक्स्टेन्शन बोर्डाच्या वर चार भिंतींना कागद चिकटवून आत दार लावून बसायचं म्हणजे स्वतःच स्वतःची होळी रचायची.

आता मुद्द्याचं. तुला दोन वेगळी दुखणी आहेत आणि तू दोघांना एकच गोळी मागतोयस. खोली आतून वाजते हे एक, आणि बाहेरचा माग आत ऐकू येतो हे दुसरं. फोम, टॉवेल, चादर, गादी या मऊ वस्तू पहिल्यावर चालतात, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला लागतं वजन आणि बंद फटी. भिंतीचं वजन दुप्पट केलंस तर कागदावर कुठं ६ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) फायदा, म्हणजे भाड्याच्या घरात तो विषयच सोड. पण फटींचं ऐक, हे लोकांना पटत नाही. भिंतीच्या शंभर भागांतला एक भाग जरी उघडा राहिला तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपास येऊन थांबते. आणि स्लायडिंग खिडकी म्हणजे तर फटींचंच दुकान आहे, ती सरकते म्हणजेच तिच्यात फट आहे.

म्हणून पहिला खर्च खिडकीवर कर. खिडकीच्या चौकटीत घट्ट बसेल असं प्लायवूड कापून घे, १८ एमएम चं, जमलं तर दोन थर एकमेकांवर चिकटवून, कडेला चारी बाजूंनी रबरी बीडिंग, आणि मधे उचलायला एक मूठ. रेकॉर्डिंगच्या वेळी चौकटीत दाबून बसवायचं, काम झालं की काढून कपाटामागं उभं करायचं. ड्रिल नाही, खिळा नाही, घरमालक खूश. दाराच्या चौकटीला तसंच बीडिंग, आणि दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लोड करून लाव. एवढ्यानं माग गायब होणार नाही पण दूर गेल्यासारखा वाटेल.

उरलेला माग फरशीतनं येतो. धोट्याचा माग चालू असला की जमीन हादरते, ते तुला पायाला कळतं का बघ एकदा अनवाणी उभं राहून. हा हादरा माईकच्या स्टँडमधनं वर चढतो आणि रेकॉर्डिंगला धुप धुप असा दिसतो, कानाला कमी आणि मीटरला जास्त. स्टँडच्या पायाखाली जाड रबर किंवा चार घड्यांची चादर घाल, माईकला रबरी दोऱ्यांचा शॉक माउंट लाव, आणि लो-कट, म्हणजे अगदी खालचा गडगडाट कापणारी सोय, ८० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) चालू कर, बहिणीच्या आवाजाला १०० ला केलास तरी तिचं काही कमी होणार नाही. आणि शेवटी, कारखाना कुठल्या दिवशी बंद असतो, कितीला सुरू होतो, लाइट कधी जाते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, मेन गाणं त्या वेळेला ठेव. कारखान्याच्या मालकाशी भांडायला जाऊ नको, त्याच्याकडनं तुला पुढं माल लागणार आहे, सांगतो थांब.

आता डब्याचं.

खोलीच्या मधोमध उभा राहून जोरात एक टाळी वाज. टाळीच्या मागनं टर्ररर असं शेपूट ऐकू येतं ना? ते समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा इकडनं तिकडं आपटत असतो त्याचं. हे पहिलं लक्षण, हे सोपं आहे, जाड कापडानं पण बरंच जातं.

दुसरं लक्षण अवघड. आता हार्मोनियम किंवा फोनवरचा तानपुरा काढ आणि तुझ्या खालच्या सुरांपासनं हळूहळू 'आ' करत वर जा, सगळीकडं सारखा जोर ठेवून. मधेच एखाद्या सुराला खोली तुझ्याबरोबर गायला लागेल, हूंऽऽ करून, आणि शेजारचा सूर एकदम बारीक होईल. माझा अंदाज सांगू? हार्मोनियमच्या पट्टीत सफेद सहाच्या आसपास, खालच्या सप्तकात. कसं काढलं ते सांगतो, जादू नाहीये. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तुझ्या खोलीची बाजू १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. दोन भिंतींच्या मधे जी पहिली लाट बरोबर बसते ती ३४५ ला ६.१ नं भागून येते, ५६-५७ हर्ट्झ. तिची दुप्पट ११३, तिप्पट १७० च्या आसपास. ११३ म्हणजे सफेद सहा (११० हर्ट्झ) आणि काळी पाच यांच्या मधे कुठंतरी, म्हणजे पुरुषाच्या आवाजाच्या ऐन रस्त्यावर. आता उंची १० पेक्षा वेगळी असलेल्या साध्या १० बाय १४ च्या खोलीत लांबीचा आकडा वेगळा, रुंदीचा वेगळा, उंचीचा वेगळा येतो, त्यामुळं त्रास विभागला जातो. तुझ्या खोलीत तिन्ही आकडे एकच! लांबी १०, रुंदी १०, उंची १०. तिन्ही बाजूंनी तोच सूर फुगतो. तू पत्रात डबा लिहिलंस ना, तो खरंच डबा आहे, चौकोनी.

(उन्हाळ्यात हवा तापली की आवाज जरा जोरात पळतो, ४० डिग्रीला ३५५ मीटर, त्यामुळं मे महिन्यात तुझा ५६ चा आकडा ५८ वर जातो. याचा व्यवहारात काही उपयोग नाही, पण सोलापूरचं ऊन खोलीचा सूर पण चढवतं हे मला लई आवडतं म्हणून सांगितलं.)

आता गंमत बघ. तू माईक कुठं लावला असशील? खोलीच्या मधोमध, भिंतींपासून लांब म्हणून, आणि उंची तोंडाच्या लेव्हलला म्हणजे साधारण ५ फूट. म्हणजे लांबीच्या मधोमध, रुंदीच्या मधोमध, आणि उंचीच्या पण मधोमध. आणि ती जी ११३ वाली लाट आहे तिचा दाब बरोबर मधोमधच सगळ्यात जास्त असतो, तिन्ही दिशांनी. म्हणजे अख्ख्या खोलीत शोधून शोधून तू तीच जागा पकडलीस. कोपऱ्यात पण दाब जास्तच असतो, म्हणून अगदी कोपरा पण नको. एका भिंतीपासनं ३ फूट, बाजूच्या भिंतीपासनं साडेतीन-चार फूट, अशी वाकडी जागा धर, दोन अंतरं सारखी ठेवू नको. याला रुपया लागत नाही आणि माझ्या अनुभवात निम्मा डबा इथंच उतरतो. गाताना बस नाहीतर उभा राहा, उंची पण बदलून बघ, तेवढंच मधल्या जागेवरनं हलल्यासारखं होतं.

आणखी एक फुकटातलं. कंडेन्सर माईक बहुतेक कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी ऐकतो. लोक काय करतात, माईकच्या मागं फोमचं अर्धगोल कुंपण लावतात, आणि गाणाऱ्याच्या मागं उघडी भिंत. अरे पण माईक बघतोय कुठं? तुझ्याकडं. म्हणजे तुझ्या डोक्याच्या मागची भिंत त्याला सरळ दिसते. तुझा आवाज माईकला लागून पुढं जातो, समोरच्या भिंतीवर आपटतो, परत येऊन तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथनं सरळ माईकच्या तोंडात. म्हणून मऊ माल पहिल्यांदा गाणाऱ्याच्या पाठीमागं लावायचा, माईकच्या मागं नंतर.

आणि त्यासाठी दुकानात जायची पण गरज नाही, आईला विचार गाद्या कुठं आहेत. कापसाची गादी, पाहुण्यांसाठी ठेवलेली, चार-पाच इंच जाड, याच्यासारखी आवाज पिणारी वस्तू घरात दुसरी नाही. ज्या कोपऱ्याजवळ उभा राहणार आहेस त्या कोपऱ्यात दोन गाद्या उभ्या कर, व्ही सारख्या, भिंतीला चिकटवू नको, कोपरा मागं मोकळा राहू दे. गाणाऱ्याची पाठ त्या व्हीकडं, माईकचं तोंड पण त्याच्याकडं. गादी दगडासारखी बसली असेल तर पिंजाऱ्याकडनं कापूस पिंजून घे, फुगलेला कापूस हवा धरतो आणि आवाज हवेच्या हालण्यातनंच मरतो. स्पंजची रेक्झिन चढवलेली गादी नको, रेक्झिनवर आवाज आपटून परत येतो, आणि त्या चकचकीत कव्हरमध्ये हवा जातच नाही. सोपी परीक्षा आहे, कुठलंही कापड तोंडाला लावून फुंक मार, फुंकर पलीकडं गेली तर आवाज पण जाईल, नाही गेली तर नाही.

आता फोम. मित्र म्हणतो फोम लाव, तो वाईट नाहीये बिचारा, पण एक इंचाचा त्रिकोणी खाचांचा फोम भिंतीला चिकटवलास तर काय होतं ते बघ. दोरीचं एक टोक खांबाला बांधून दुसरं टोक हलव. खांबापाशी दोरी हलत नाही, जरा अलीकडं जोरात हलते. हवेचं पण तसंच, भिंतीला टेकून हवा हलूच शकत नाही, लाटेच्या एक चतुर्थांश अंतरावर सगळ्यात जास्त हलते, आणि मऊ वस्तू जिथं हवा हलते तिथंच काम करते. एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर, तो पूर्ण जोमानं काम करतो ३४०० हर्ट्झच्या आसपास आणि वर. म्हणजे 'स' आणि 'श' ची धार गेली, टाळीचं शेपूट गेलं, आणि तुझं ११३ आणि १७० जसंच्या तसं. परिणाम? आधी डबा होता, आता डब्यावर पांघरूण घातलेला डबा. खोली मुकी वाटते आणि गाणं घोगरं. एवढं करून ते गोंदानं चिकटवलं तर काढताना प्लास्टरचे पोपडे येणार आणि घरमालक डिपॉझिट धरून बसणार, हे मी भोगलंय.

याउलट चार इंच जाडीचं पॅनल भिंतीपासनं चार इंच पुढं उभं केलं, तर मिळून आठ इंच, त्याची पकड सव्वाचारशे हर्ट्झपर्यंत जोमात आणि त्याच्याखाली पण हळूहळू कमी होत जाते, एकदम तुटत नाही. मागची मोकळी चार इंच जागा फुकट काम करते, लक्षात घे. जाडी आणि मागची पोकळी, हे दोनच शब्द पाठ कर. महाग माल पातळ लावण्यापेक्षा स्वस्त माल जाड लावलेला बरा.

आणि स्वस्त जाड माल म्हटलं की बाकी गावच्या लोकांनी रडावं, सोलापूरकरानं नाही. आपण टॉवेलाच्या गावात राहतो बे! सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोघांना जीआय, म्हणजे हा माल याच गावचा असा सरकारी शिक्का, मिळालेलं आहे, आणि तू पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवतोस. टेरी टॉवेल म्हणजे काय, सुताचे हजारो छोटे फासे उभे केलेले, मधे हवा. आवाज खायला असलंच लागतं. म्हणून म्हटलं कारखानदाराशी भांडू नको. त्याच्याकडं किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं जाऊन विचार सेकंडचा माल आहे का, धागा सुटलेला, रंग चुकलेला, कडा वाकडी, किलोवर देता का. आपल्याला दिसायचा नाहीये, आत भरायचाय. घरातले जुने, झिजलेले पण घे. नवा टॉवेल असेल तर आधी एक-दोनदा धू, धुतला की फासे उघडतात आणि फुगतो.

पॅनल असं कर. लाकडाच्या पट्ट्यांची चौकट, २ फूट रुंद, ४ फूट उंच, ४ इंच खोल, पॅकिंगच्या लाकडाची चालेल, सुताराला सांगितलंस तर अर्ध्या दिवसाचं काम. मागच्या बाजूला सुतळी किंवा चिकनमेश जाळी ताणून घे म्हणजे माल मागं पडणार नाही. आत टॉवेल चौकटीच्या मापाच्या सैल घड्या करून एकावर एक, एका पॅनलला मोठे बारा-पंधरा लागतील, कोंबून ठासू नको, कोंबलं की हवाच राहत नाही आणि परत भिंत तयार होते. उभं केल्यावर माल खाली बसतो, म्हणून मधे दोन ठिकाणी सुतळीनं आडवे टाके मार. पुढनं मांजरपाट ताणून पिन मार, चाटी गल्लीत स्वस्तात मिळेल, रंगीत हवं असेल तर आईची जुनी सुती साडी. खाली दोन्ही बाजूला लाकडी पाय ठोक म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहील, भिंतीला हात लावायचा प्रश्नच नाही. पाय रुंद कर, उभं पॅनल जड असतं, अंगावर पडायला नको.

अशी चार कर. एक डावीकडं, एक उजवीकडं, गाणाऱ्यापासनं हाताच्या अंतरावर, एक माईकच्या मागं, आणि चौथं जिकडं टाळी मारल्यावर अजून टर्र वाजतं तिकडं. चाकं लावू नको, सरकवता येतातच.

टॉवेल नको वाटले किंवा जास्त टिकाऊ हवं असेल तर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. तो शोधायला पुण्या-मुंबईला जायला नको, आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत बघ, शिवाय गावात डाइंगवाले, सगळ्यांकडं बॉयलर आणि वाफेचे पाइप, त्यांना गुंडाळायला रॉकवूलच लागतं. इन्सुलेशनची कामं करणाऱ्यांकडं ४८ किंवा ६४ डेन्सिटीचे स्लॅब माग, डेन्सिटी म्हणजे घनमीटरला तेवढे किलो. दोन इंची दोन एकत्र लावले की चार इंच. हा माल पेटत नाही हा मोठा फायदा. पण अंगाला खाजतो, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच हात लाव आणि सगळ्या बाजूंनी कापडात बंद कर. बहिणीच्या घशाचा प्रश्न आहे.

टॉवेल मात्र पेटतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, मच्छरची कॉइल, उदबत्ती यांच्यापासनं लांब, आणि खोलीत विडी-सिगरेट बंद. गाणाऱ्या मित्रांना पण बंद, रागावले तरी.

चादरीचं पण विचारणार तू, म्हणून सांगून टाकतो. एक चादर भिंतीला खिळ्यानं ताणून लावली तर ती भिंतच होते, रंगीत भिंत. पण दोन-तीन चादरी एकत्र, दोरीवर, रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन भरपूर चुण्या पाडून, भिंतीपासनं सहा इंच पुढं सोडल्या तर मधल्या आणि वरच्या आवाजाला चांगलं काम होतं. खिडकीच्या चौकटीवर पडद्याची दांडी असेलच, तिथनं सुरुवात कर. खाली शहाबादी फरशीवर सतरंजी, तिच्याखाली अजून एक. वरच्या स्लॅबचं मी मुद्दाम काही सांगत नाही, डोक्यावर काही टांगायचं म्हणजे हूक पक्का पाहिजे, आणि पंख्याच्या हुकाला पंखाच राहू दे.

मग ते खालचं ११३? त्याची चतुर्थांश लाट म्हणजे अडीच फूट, तेवढं जाड पॅनल कोण करणार, झोपायचं कुठं. ते पूर्ण जाणार नाही हे मान्य कर. कोपऱ्यातल्या गाद्या, कपडे भरलेलं उघडं कपाट, जागा बदलणं, एवढ्यानं ते सहन करण्याइतकं होतं, आणि उरलेलं मिक्समध्ये इक्यूनं, म्हणजे आवाजाचा एखादाच पट्टा कमी-जास्त करायच्या सोयीनं, त्या एका सुरावर बारीक चिमटा काढ, तीन-चार डेसिबल, जास्त नाही. बहिणीचं मूळ तसंही त्याच्या वर असतं, तिला १७० वाला त्रास देईल कधीमधी. तुझा पुरुषाचा खालचा आवाज आहे म्हणून त्रास तुलाच जास्त.

माईकपासनं अंतर, हे पण. तोंड आणि माईकच्या मधे एक वीत. अंतर निम्मं केलंस की तुझा सरळ आवाज ६ डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा आहे तिथंच राहतो, म्हणजे खोली आपोआप लांब जाते. अगदीच चिकटलास तर मात्र खालचे सूर फुगतात आणि 'प', 'फ' ला फटाके, म्हणून पॉप फिल्टर, म्हणजे माईकपुढं लावायची बारीक जाळी, नाहीतर जरा तिरकं गा.

पंखा बंदच ठेवावा लागणार, त्याला उपाय नाही. एप्रिल-मेमध्ये त्या बंद खोलीत, प्लायवूड लावून, चार टॉवेल पॅनलांच्या मधे उभं राहून गायचं म्हणजे उकडलेली शेंग होते माणसाची. पहाटे पाच ते सात काम कर, गार असतं, रस्त्यावर रिक्षा कमी. एक टेक झाला की दार उघड, पंखा लाव, पाणी प्या, परत. कॉम्प्युटर शक्यतो खोलीच्या बाहेर नाहीतर माईकच्या पाठीच्या बाजूला, पॅनलच्या पलीकडं. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत रेकॉर्डिंग ठेवूच नको, लाउडस्पीकर अडवायला माझ्याकडं टॉवेल नाहीत, बाहेर जा, नंदीध्वज बघ, फोनवर गर्दीचा आवाज रेकॉर्ड करून आण, कधीतरी गाण्यात लागेल.

एक शिस्त मात्र ठेव. काहीही हलवायच्या आधी, आत्ताच, एक टाळी आणि गाण्याच्या दोन ओळी रेकॉर्ड करून ठेव, गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवला होता, ते लिहून ठेव. मग माईक हलवल्यावर त्याच दोन ओळी, गाद्या लावल्यावर त्याच, पहिलं पॅनल झाल्यावर त्याच. एका वेळेला एकच बदल. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात खालचे फुगवटे आलेखात दिसतात, हौस असेल तर उतरव, पण मोजायचा माईक नसताना त्याच्या वरच्या भागावर फार विश्वास ठेवू नको, तुझं काम खालच्या भागाशी आहे. मिक्स त्या खोलीत स्पीकरवर करू नको, चौकोनी खोलीत स्पीकर खोटं बोलतात, हेडफोनवर कर आणि मग फोनवर, कोणाच्या तरी गाडीत, आणि त्या जाहिरातीच्या रिक्षावर पण ऐकून बघ, शेवटी तिथंच वाजणार आहे ते.

पैशाचं असं धर. प्लायवूड आणि बीडिंगला साधारण दोन-अडीच हजार बाजूला काढ. लाकूड, सुतार, मांजरपाट आणि टॉवेल मिळून निम्मे जाऊ देत, चारऐवजी आधी दोनच पॅनल झाली तरी चालेल. शॉक माउंट, पॉप फिल्टर उरलेल्यातनं. थोडे हातात ठेव, पहिल्यांदा काहीतरी माप चुकतंच, माझी पहिली चौकट दारातनं आत जाईना, जिन्यावरच उघडावी लागली.

आणि माईक बदलायचं विचारलंस. नको. आहे तोच ठेव. नवा महाग माईक त्याच खोलीत लावलास तर तो खोली अजून बारकाईनं ऐकवेल, एवढाच फरक. फारच वाटलं तर एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्या मित्राचा साधा डायनॅमिक माईक दोन दिवसांसाठी मागून आण, तो जवळनं गायला की खोली कमी उचलतो, रिक्षावरच्या जाहिरातींना तर तोच बरा पडेल. गाद्या लावल्यावर टाळीची फाइल पाठव, आधीची आणि नंतरची, दोन्ही.